खोड आणि भय

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्या मनात माणूस होता की जनावर, हे आज सांगता येणार नाही. परंतु पाळीव जनावरांच्या वागण्याविषयी बोलताना आपण मराठी माणसे हा 'खोड' शब्द किती सहजपणे वापरतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कुत्रा एकटा असला की रडतो, ही त्याची खोड. मांजर अंथरुणावर मुतते, ही तिची खोड. पिंजऱ्यातला पोपट स्वतःचीच पिसे उपटतो, तीही खोडच. घरातले मूल रात्री दचकून रडू लागले तर मात्र हा शब्द आपल्या ओठांवर येत नाही. आपण त्याची दृष्ट काढतो, त्याला पोटाशी धरतो, डॉक्टरांकडे नेतो. लक्षण एकच, पण एका ठिकाणी ते दुःख ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी अपराध. आणि एकदा 'खोड' म्हटली की तिच्यापुढे आपल्या भाषेने एक क्रियापद ठरवूनच टाकले आहे : मोडणे.

ह्या नामकरणाच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. त्याचाच थोडा विचार येथे करावयाचा आहे.

इंदूरच्या स्नेहलतागंजात राहणाऱ्या माणसाला ह्या प्रश्नाकडे वळण्यासाठी ग्रंथ उघडावे लागत नाहीत. दुपारच्या शांत वेळी खिडकी उघडी ठेवली तरी पुरते. होळकरांच्या ह्या नगरीत कित्येक पिढ्यांपासून स्थिरावलेली मराठी कुटुंबे ज्या वस्त्यांत आढळतात, त्यांपैकी ही एक. पूर्वी अशा वस्तीतल्या घराला अंगण असे, आणि कुत्रा अंगणात किंवा ओसरीवर पडलेला असे. दूधवाला, पोस्टमन, भाजीवाली, शाळेतून परतणारी मुले ह्यांच्या येण्याजाण्यात त्याचा दिवस निघून जाई. घरात कोणी ना कोणी, निदान एखादी आजी, असेच. आता घराच्या जागी सदनिका आल्या, आजीची जागा भिंतीवरील तसबिरीने घेतली, मुले नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळूरला गेली. कुत्रा मात्र तिसऱ्या मजल्यावर राहिला. त्याच्या पूर्वजांनी हजारो वर्षे जे कधी केले नाही ते करण्याची, म्हणजे बंद दाराआड दिवसभर एकटे बसण्याची, त्याच्याकडून अपेक्षा केली जाते. आणि ते त्याला साधले नाही म्हणजे त्याला खोड लागली असे आपण म्हणतो.

आमच्या परिचयाच्या एका घरात असाच एक कुत्रा आहे. 2020 च्या मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा ज्या असंख्य घरांत विरंगुळ्यासाठी पिल्ले आणली गेली, त्यांपैकी हे एक घर. जवळजवळ दीड वर्ष ते पिल्लू क्षणभरही एकटे राहिले नाही. नंतर कचेऱ्या उघडल्या आणि एके सकाळी, त्याच्या दृष्टीने कोणतेही कारण नसताना, दार बाहेरून बंद झाले. मालक जिना उतरून जाण्यापूर्वीच त्याचे विव्हळणे सुरू होई. दाराच्या खालच्या भागावर नखांचे ओरखडे, उंबऱ्याशी मूत्र, आणि धन्याच्या चपलांच्या चिंध्या. संध्याकाळी परत आल्यावर त्या चिंध्या नाकासमोर धरून त्याला मार दिला जाई. 'आम्ही त्याला टाकून जातो ना, म्हणून तो सूड उगवतो. आणि बघा, चूक केल्याचे त्याला पुरते कळते, आम्ही येताच कान पाडून कोपऱ्यात बसतो,' असे घरची मंडळी सांगत.

हे स्पष्टीकरण इतके मानवी आहे की ते खरे वाटते. पण सूड घेण्यासाठी आधी अपमान लक्षात ठेवावा लागतो, मग योजना आखावी लागते आणि शेवटी शत्रूच्या नुकसानात आनंद मानावा लागतो. इतका खटाटोप कुत्र्याच्या माथी मारण्यापेक्षा एक साधी गोष्ट पाहावी : बहुतेक वेळा ही मोडतोड धनी बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातच होते आणि ती दार-खिडक्यांच्या भोवती एकवटलेली असते. कोंडलेला जीव बाहेर पडण्याची धडपड करतो, तशी ती धडपड आहे. चपलाच का, तर त्यांना धन्याचा वास सर्वांत अधिक येतो. राहिला तो अपराधी चेहरा. अमेरिकेतील अलेक्झांड्रा होरोविट्झ ह्या विदुषीने 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसून आले की, कुत्र्याने निषिद्ध खाऊ खाल्ला आहे की नाही ह्याच्याशी त्या चेहऱ्याचा संबंध नव्हता. धनी रागावला की नाही, ह्याच्याशी होता. ज्याने काहीच केले नव्हते तोही रागावल्यावर तसाच चेहरा करी. ज्याला आपण पश्चात्ताप समजतो ती भीतीने केलेली विनवणी असते. मार खाणारा प्राणी आपल्या दुपारच्या कृत्याशी संध्याकाळच्या माराची सांगड घालू शकत नाही. त्याला एवढेच कळते की धनी जातो हेही भयंकर, आणि परत येतो तेही भयंकर.

जनावराचे मन अशा रीतीने कसे मोडते, ह्याची सर्वांत बोलकी साक्ष ज्याने जनावराच्या मनाविषयी बोलण्याचेच नाकारले होते त्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून मिळावी, हा इतिहासाचा एक विनोद आहे. इव्हान पाव्हलोव ह्यांच्या प्रयोगशाळेत एका कुत्र्याला असे शिकविण्यात आले की, वर्तुळ दिसले तर अन्न मिळते आणि लंबवर्तुळ दिसले तर मिळत नाही. तो भेद त्याने चांगला आत्मसात केला. मग लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळासारखे करीत नेले. त्याच्या दोन अक्षांचे प्रमाण 9 ला 8 इतके जवळ आले, तेव्हा कुत्र्याला भेद करता येईना. आणि काही आठवड्यांत तो शांत प्राणी ओरडू लागला, अंगावरच्या पट्ट्यांना झटे देऊ लागला, उपकरणे चावू लागला. पूर्वी येत असलेला सोपा भेदही तो विसरला. त्याला कोणी मारले नव्हते, उपाशी ठेवले नव्हते. जगाने दिलेली खूण वाचता येईना, एवढेच त्याचे दुःख होते.

दुसरी घटना 1924 च्या सप्टेंबरातली. लेनिनग्राड शहरात नेवा नदीला पूर आला आणि पाव्हलोवचे कुत्रे पिंजऱ्यांत अडकले. पाणी चढत गेले, आणि कुत्री वर तरंगत असताना पिंजऱ्याची दारे पाण्याखाली गेली. रखवालदारांना त्यांची डोकी पाण्यात दाबून त्यांना बाहेर ओढावे लागले. सगळी वाचली, पण त्यांतील काहींनी शिकलेले सारे गमावले. कालांतराने ती सुधारली असे वाटले, तेव्हा खोलीच्या दाराखालून पाण्याची एक बारीक धार आत सोडण्यात आली. तेवढ्या धारेने ती पुन्हा पूर्वीसारखी थरथरू लागली. आपल्या घरातला कुत्रा किल्ल्यांचा जुडगा खणखणताच का कापू लागतो, हे समजण्यासाठी ह्याहून अधिक स्पष्ट उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

आता पहिल्या प्रयोगाकडे परत येऊन आपल्या घरांतील शिस्त पाहावी. रविवारी कुत्रा अंगावर उडी घेतो तेव्हा आपण हसतो. सोमवारी कचेरीचे कपडे असतात म्हणून त्याच उडीसाठी लाथ मारतो. मुलगा त्याला ताटातले भरवतो, आई त्याच गोष्टीसाठी दटावते. पाहुण्यांवर भुंकला तर उद्धट, चोरावर भुंकला नाही तर निरुपयोगी. वर्तुळ आणि लंबवर्तुळ ह्यांतला भेद आपण रोज पुसत असतो, आणि प्राणी गोंधळून चावला म्हणजे त्याच्या जातीला दोष देतो. आमच्या मते घरगुती जनावरांवर होणाऱ्या अन्यायांत मारापेक्षाही हा अनिश्चितपणा मोठा आहे, कारण तो करणाऱ्याला आपण काही केले असे वाटतच नाही.

परंतु प्रश्न केवळ शास्त्राचा असता तर तो पशुवैद्यांवर सोपवून मोकळे होता आले असते. तो नीतीचा होतो तो एका मराठी शब्दामुळे. रानटी प्राणी आपल्या सहवासाला सरावला म्हणजे आपण म्हणतो, तो 'माणसाळला'. ह्या क्रियापदाची निर्मिती ज्याने केली त्याला नमस्कार करावा. माणसाळणे म्हणजे आपल्या जातीच्या कळपातून उठून माणसाच्या कळपात येऊन बसणे. काश्मिरातील बुर्झहोम येथे नवाश्मयुगातील माणसांच्या दफनांत कुत्र्यांचेही अवशेष मिळाले आहेत. हा करार इतका जुना आहे. त्या हजारो वर्षांत ज्या पिल्लांना माणसावाचून करमत नव्हते ती आपण जवळ ठेवली, जी स्वतंत्र होती ती हाकलून दिली. तेव्हा कुत्र्याला आपल्यावाचून राहवत नाही ही त्याच्या स्वभावातील विकृती नव्हे. ती आपणच पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडविलेली वस्तू आहे.

आणि तीच वस्तू दुसऱ्या वेषात आली की आपण तिची पूजा करतो! रायगडावर वाघ्या कुत्र्याचे स्मारक आहे. शिवछत्रपतींच्या चितेत त्या इमानी प्राण्याने उडी घेतली, अशी आख्यायिका. तिला समकालीन पुरावा नाही आणि तिच्यावरून महाराष्ट्रात वादही पुष्कळ झाले, ते येथे बाजूला ठेवू. हे स्मारक 1936 साली उभे राहिले आणि त्यासाठी आमच्या इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी देणगी दिली होती, हे मात्र स्नेहलतागंजातील वाचकाला सांगण्यासारखे आहे. आता असा विचार करा. धनी दिसेनासा होताच ज्याला जगणे असह्य होते, त्या प्राण्याचा दगडी पुतळा आपण गडावर बसवतो. आणि तोच प्राणी तिसऱ्या मजल्यावरील दारावर ओरखडे काढतो, तेव्हा त्याला छडी दाखवतो. निष्ठा आणि कासाविशी ह्या दोन वेगळ्या वृत्ती नाहीत. आपल्याला सोयीची असते ती निष्ठा, गैरसोयीची ती खोड. (भाषेनेही कुत्र्याशी असाच दुटप्पी व्यवहार केला आहे. आमच्या कोकणी वाचकांच्या 'सुणें' ह्या शब्दात संस्कृत 'श्वन्' अजून ऐकू येतो. मराठीत मात्र इमानाचा आदर्श कुत्रा आणि शिवीही कुत्रा! जेजुरीच्या खंडोबाचा वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवून कोटंब्यात भिक्षा घेतो, तेवढाच काय तो अपवाद.)

'पाळणे' हे क्रियापदही असेच विचारात पाडणारे आहे. आपण जनावर पाळतो आणि वचनही पाळतो. ज्याचा दुसरा आसरा आपण काढून घेतला त्याला आपला आसरा देणे, हे उपकाराच्या खात्यात जमा होत नाही. ते ऋणाच्या खात्यात लिहावे लागते. जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणत असे की, जनावराशी क्रूरपणे वागणारा माणूस पुढे माणसांशीही निष्ठुर होतो, म्हणून जनावरांशी दयेने वागावे. हा युक्तिवाद चांगल्या हेतूचा असला तरी आम्हांला तो पटत नाही. त्यात जनावर म्हणजे आपल्या सद्‌गुणांची धुळाक्षरे गिरवण्याची पाटी ठरते. पैठणात रेड्याच्या पाठीवर बसलेल्या आसुडाचे वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले, अशी कथा आपल्याकडे सांगतात. तिच्यात मार लागतो तो रेड्यालाच. ज्ञानदेव त्या वेदनेतून काही शिकत नाहीत, ती सोसतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 च्या जल्लिकट्टूविषयीच्या निकालात प्राण्यांच्या ज्या पाच स्वातंत्र्यांचा उल्लेख केला, त्यांत भूक आणि वेदना ह्यांच्या बरोबरीने भय व क्लेश ह्यांपासून मुक्तताही आहे. म्हणजे कथेने जे फार पूर्वी सांगितले ते कायद्याच्या भाषेत आता कोठे येऊ लागले आहे.

येथे एक शंका अवश्य विचारली जाईल. ज्या देशात माणसांची मुले रस्त्यावर निजतात, तेथे कुत्र्याच्या मनोव्यथेची चर्चा ही सुखवस्तूंची चैन नव्हे काय? ह्या शंकेची थट्टा करू नये. ती सरळ माणसाची शंका आहे. रस्त्यावरच्या मुलाचे ऋण समाजावर आहे आणि ते फेडले गेलेले नाही, हे खरेच. परंतु घरात आणलेल्या कुत्र्याचे ऋण त्या घरावर आहे, आणि एक ऋण फिटले नाही म्हणून दुसरे बुडवण्याचा अधिकार मिळत नाही. शिवाय ह्या ऋणाला पैसा थोडा लागतो. लागतो तो वेळ आणि संयम. आणि ज्याच्यापाशी ते नाहीत त्याने कुत्रा पाळू नये, हे स्पष्ट सांगण्यात कोणताही कठोरपणा नाही.

शेजाऱ्याचाही हक्क आहे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला भिंतीपलीकडचे विव्हळणे ऐकत पडावे लागते, तेव्हा प्राणिदयेवर त्याला व्याख्यान देणे हा उद्दामपणा होय. 2023 च्या ऑगस्टमध्ये ह्याच इंदूरच्या कृष्णबाग वसाहतीत रात्री कुत्री फिरवताना दोन शेजाऱ्यांत वाद झाला. त्यांतला एक बँकेचा सुरक्षारक्षक होता. त्याने घरात जाऊन बंदूक आणली आणि सज्जातून गोळ्या झाडल्या. दोघे ठार झाले, आणखी काही जखमी झाले. त्या रात्री कुत्री एकमेकांवर भुंकली असतील, फार तर झोंबली असतील. गोळी झाडण्याची खोड कोणत्याही कुत्र्याला नसते. पण पाळलेल्या जनावराच्या अस्वस्थपणाची जबाबदारी धन्याने वेळीच घेतली नाही, तर तो अस्वस्थपणा पट्ट्यावरून चढत धन्याच्या हातापर्यंत येतो, हे ह्या घटनेने दाखवले.

मग करावे काय? सर्वांत प्रथम शरीर पाहावे. एकाएकी चिडका झालेला कुत्रा पुष्कळदा कानाच्या किंवा सांध्याच्या दुखण्याने बेजार असतो. मातीची पेटी सोडून बाहेर मुतणाऱ्या मांजरीच्या मूत्राशयाला सूज असू शकते, आणि ती सूज घरातल्या ताणानेही येते. इंदुरापासून जवळच महू येथे 1955 पासून पशुवैद्यकाचे महाविद्यालय आहे; मांत्रिकाच्या ताइतापेक्षा तेथवरचा प्रवास बरा. मांजरीला माणसापेक्षा जागा प्रिय, तेव्हा तिच्यासाठी उंचावर एखादी फळी, लपायला एखादे खोके आणि खाण्याच्या जागेपासून दूर ठेवलेली स्वच्छ पेटी एवढ्याने बरेच काम होते. कुत्र्याचे तसे नाही. त्याला एकटेपणा शिकवावा लागतो, आणि तो बाराखडीसारखा थोडाथोडा शिकवावा लागतो. किल्ल्या उचलाव्यात आणि परत ठेवाव्यात. दाराबाहेर जाऊन अर्ध्या मिनिटात परत यावे; तो घाबरण्याच्या आत यावे. मग दोन मिनिटे, मग पाच. जाताना निरोपाचा सोहळा नको, येताना आरती नको. जाण्यापूर्वी चांगला फेरफटका, आणि एकटा असताना चघळायला काहीतरी आवडीचे. ह्याला आठवडे लागतात, कधी महिने, आणि तेवढ्या काळात त्याला दिवसभर कोंडून जाता येत नाही. शेजारच्या पेन्शनर काकांना विनंती करावी लागते. परिचयाच्या घराने पुढे हेच केले. काकांचाही वेळ बरा जाऊ लागला.

मार देऊनही विव्हळणे थांबते, असे सांगणारे भेटतात. थांबते, ह्यात संशय नाही. 1967 साली मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, ज्या कुत्र्यांना विजेचे धक्के काही केल्या टाळता येत नसत, त्यांतील पुष्कळ नंतर सुटकेची वाट मोकळी असतानाही उठत नाहीत. पडून कण्हत राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला असा कुत्रा शहाणा वाटेल. शांत आणि निमूट ह्या दोन शब्दांत जे अंतर आहे ते ओळखणे हीच ह्या सगळ्या विषयातील खरी परीक्षा आहे. शांत कुत्रा आळस देतो, कूस बदलतो, माशीकडे पाहतो. निमूट झालेला कुत्रा कशाकडेच पाहत नाही.

हीच कसोटी औषधांनाही लावावी लागेल. माणसांच्या चिंतारोगावर दिली जाणारी काही औषधे आता कुत्र्यांनाही देतात. क्लोमिप्रामीन आणि फ्लुओक्सेटीन ही त्यांतली प्रमुख, अर्थात पशुवैद्याच्या देखरेखीखाली. भयाने इतका पछाडलेला प्राणी असतो की त्याला काही शिकवताच येत नाही. औषधाने त्याचे मन शिकण्याइतके स्थिर होत असेल तर ते नाकारणे हा निव्वळ सोवळेपणा ठरेल. पण बारा तास रिकाम्या घरात पडून राहणे त्याला सुसह्य व्हावे, आणि आपल्या दिनक्रमात काहीच बदल करावा लागू नये, एवढ्यासाठी गोळी दिली जात असेल, तर बरे कोणाला वाटावे म्हणून ती दिली, हे देणाऱ्याने स्वतःला विचारावे. माणसांच्या बाबतीत हा प्रश्न वेड्यांच्या इस्पितळांपासून कारखान्यांपर्यंत विचारला गेला आहे. प्राण्यांच्या बाबतीत तो विचारणारा प्राणी स्वतः बोलू शकत नाही, म्हणून तो अधिक जपून विचारावा लागतो.

राहता राहिला आवाजाचा प्रश्न, आणि तो इंदुरात टाळता येणारा नाही. अनंतचतुर्दशीच्या रात्रीच्या गिरण्यांच्या झाक्या, दिवाळीचे फटाके, रंगपंचमीची राजवाड्यावरची गेर, ह्यांवाचून हे शहर इंदूर राहणार नाही, आणि ती बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. पण माणसाचा कान सुमारे 20,000 कंपनांपर्यंत ऐकतो तर कुत्र्याचा 45,000 च्या आसपास. ज्या आवाजाने आपण उल्हसित होतो त्यात त्याला किती अधिक ऐकू येत असेल! दिवाळीपूर्वी दोन-तीन महिने फटाक्यांच्या आवाजाची ध्वनिफीत अगदी हळू लावावी, ती चालू असताना त्याला आवडीचा घास द्यावा, आणि तो स्वस्थ राहिला तरच आवाज किंचित वाढवावा. प्रत्यक्ष त्या रात्री घरातल्या सर्वांत आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा व रेडिओ सुरू करून त्याची सोय करावी. तो पलंगाखाली शिरला तर ओढून काढू नये. आणि तो थरथरत मांडीशी आला तर 'लाड केल्याने भीती वाढते' हा जुना समज बाजूला ठेवून त्याच्या पाठीवर हात ठेवावा. खाऊ मिळाला म्हणून कोणी उड्या मारायला शिकेल. कोणी जवळ घेतले म्हणून घाबरायला शिकत नाही.